दिवा जपणारा हात
चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें अल्पचरित्र

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत थोर स्त्रीपुरुषांचीं चरित्रें द्यावीं, ही चाल जुनी व स्तुत्य आहे. बहुधा त्यांत संतांचीं, धर्मगुरूंचीं किंवा समाजसेवकांचीं चरित्रें येतात. यंदा आम्ही वाचकांपुढें एका चित्रकाराचें चरित्र ठेवीत आहों. ते ख्रिस्ती नव्हते व पिंपरी-चिंचवडचे रहिवासीही नव्हते. तथापि पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या टापूंत आपण जे राहतों, ते बहुतेक हातांच्या श्रमावर संसार चालविणारे लोक आहों. आणि माणसाच्या हातांतून माणसाचें मन कसें दिसतें, हें या चित्रकारांनीं एका चित्रांत असें दाखविलें कीं, तें चित्र देशभर घरोघरीं जाऊन पोंचलें. त्यांचें नांव सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

नांव सांगून कदाचित् थोड्याच वाचकांस ओळख पटेल. परंतु चित्राचें वर्णन केल्यास बहुतेकांस तें आठवेल. एक तरुण स्त्री अंधारांत उभी आहे. तिच्या एका हातांत लहानसा दिवा असून दुसरा हात तिनें ज्योतीच्या आड धरिला आहे. तो प्रकाश तिच्या मुखावर व वस्त्रावर पडला आहे, आणि ज्योतीजवळचीं बोटें आंतून उजळल्याप्रमाणें तांबूस झालीं आहेत. या चित्राच्या छापील प्रती आम्हीं घरांच्या भिंतींवर व दुकानांत पाहिल्या आहेत. दुर्दैव असें कीं, पुष्कळ लोक तें राजा रविवर्मा यांचें समजतात. रविवर्मा यांचें निधन १९०६ सालीं झालें व हें चित्र १९४५-४६ या काळांतलें आहे; एवढी एक गोष्ट ध्यानांत घेतली तरी तो समज किती निराधार आहे हें कळून येतें. रविवर्म्यांची थोरवी अशा उसन्या श्रेयाची भुकेली नाहीं. परंतु ज्याचे श्रम त्याचें नांव, हा न्याय श्रमिकांच्या वस्तींत तरी पाळला गेला पाहिजे, असें आम्हांस वाटतें; आणि याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

हळदणकर यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजीं सावंतवाडी येथें झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेलें हें छोटें संस्थान त्या काळींही कारागिरीसाठीं प्रसिद्ध होतें. लांकडाचीं रंगीत खेळणीं व फळें करणारे आणि गंजिफांचे गोल पत्ते हातानें रंगविणारे चिताऱ्यांचे कुटुंबवत्सल समाज तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. अशा गांवीं ज्याचें बालपण गेलें, त्याला रंग व कुंचला परके वाटण्याचें कारण नव्हतें. चित्रें काढण्याकडे त्यांची ओढ लहानपणींच दिसून आली. सावंतवाडीच्या राजेसाहेबांचा आश्रय लाभला व विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं हा तरुण मुंबईस सर जे. जे. कलाशाळेंत शिकण्यास आला.

ही कलाशाळा १८५७ सालीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या दातृत्वामुळें सुरू झाली होती. हळदणकरांच्या विद्यार्थिदशेंत तेथें सेसिल बर्न्स हे प्रमुख होते, आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे मराठी चित्रकार शिक्षक होते. त्याच सुमारास तेथें शिक्षकाचें काम करणाऱ्या आणखी एका चित्रकाराचें नांव आम्हां ख्रिस्ती जनांस विशेष जवळचें आहे. ते म्हणजे गोव्याचे आंतोनियो शाविएर त्रिंदाद. त्यांचा काळ १८७० ते १९३५ असा होय. त्यांच्या व त्यांच्या कन्या आंजेला यांच्या चित्रांचा संग्रह आज पणजीस पाहावयास मिळतो. धुरंधर, त्रिंदाद व हळदणकर हे तिघेही यथार्थ चित्रणाच्या परंपरेंतले. डोळ्यांना जें दिसतें तें प्रथम प्रामाणिकपणें पाहावें, मग काढावें, हा त्या परंपरेचा पाया होता.

या शिक्षणांत हाताचें चित्रण हा फार कठीण विषय समजला जातो, आणि तो कां, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. मनगटापासून बोटांच्या टोंकापर्यंत एका हातांत सत्तावीस हाडें असतात. बोटें वळविण्यास जे मोठे स्नायू लागतात ते बोटांत नसून कोपराखालच्या भागांत असतात, आणि तेथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटांतून बोटांपर्यंत जातात. म्हणून माणसानें मूठ घट्ट आवळली कीं ताण केवळ मुठींत दिसत नाहीं. मनगटाच्या आंतल्या बाजूस कंडरा वर येतात व कोपराखालचा भाग कठीण होतो. ज्या चित्रकारानें मूठ काढिली पण मनगट सैल ठेविलें, त्याच्या चित्रांतला राग खोटा ठरतो. उलट, निजलेल्या मुलाचा हात काढतांना बोटें आपोआप किंचित् आंत वळलेलीं दाखवावीं लागतात, कारण सैल सोडलेला हात कधींही सपाट राहत नाहीं. हें ज्ञान आरंभीं प्लास्टरच्या ओतीव हातांवरून व नंतर जिवंत माणसास समोर बसवून मिळवावयाचें असतें. त्याला वर्षें लागतात.

चेहऱ्यापेक्षां हात अधिक खरें बोलतो, असें जाणते चित्रकार मानतात. त्याचें कारण उघड आहे. लहानपणापासून आपण चेहऱ्यावर ताबा ठेवण्यास शिकतों. पाहुण्यांसमोर हंसावें, वरिष्ठांसमोर गंभीर राहावें, दुःख गिळावें, हें सर्व मुखास साधतें. हातांस असें शिक्षण कोणी देत नाहीं. मुलाखतीस आलेला उमेदवार मुखानें निर्भय दिसतो, पण त्याचीं बोटें कागदाची कड चुरगळीत असतात. रुग्णालयाच्या व्हरांड्यांत बसलेली माता शब्दही बोलत नाहीं, पण पदराचें टोंक ती बोटाभोंवतीं पुनःपुन्हां गुंडाळीत असते. यथार्थ चित्रणाचें सामर्थ्य येथें आहे. चित्रकारानें भावना अशी वेगळी काढावयाची नसते. हात काय करतो आहे, किती जोरानें करतो आहे व कोणत्या वस्तूस स्पर्श करतो आहे, एवढें बिनचूक काढिलें म्हणजे भावना पाहणाऱ्याच्या मनांत आपोआप उत्पन्न होते.

या संबंधांत एका जगप्रसिद्ध चित्राचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण त्याची प्रतिकृति ख्रिस्ती घरांत फार आढळते. जर्मनीच्या न्युरेंबर्ग नगरांतील आल्ब्रेख्त ड्यूरर यांनीं १५०८ सालीं निळ्या कागदावर कुंचल्यानें दोन जोडलेले हात काढिले. त्यांविषयीं एक कथा सांगितली जाते, कीं ड्यूरर यांच्या शिक्षणासाठीं त्यांच्या भावानें खाणींत राबून आपले हात वाकडे करून घेतले व ते हे हात. कथा हृदयस्पर्शी आहे, पण ती इतिहासास धरून नाहीं. ड्यूरर यांचे वडील सोनार होते. मुलानें प्रथम त्यांच्याच दुकानांत काम शिकलें व मग गांवांतल्याच एका चित्रकाराकडे उमेदवारी केली. ते हात म्हणजे फ्रँकफुर्टच्या डोमिनिकन मंदिरांतील एका वेदीचित्रासाठीं केलेला अभ्यास होय. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या त्या चित्रांत वर पाहणाऱ्या एका प्रेषिताचे ते हात होते. मूळ वेदीचित्राचा मधला भाग १७२९ सालीं म्युनिक येथें आगींत जळून गेला. अभ्यास मात्र व्हिएन्ना येथें अजून सुरक्षित आहे. खरी हकीकत कथेहून कमी बोधप्रद नाहीं. एका मोठ्या चित्रांतल्या एका माणसाच्या हातांसाठींही चित्रकारानें स्वतंत्र बैठक मारून शीर न् शीर पाहिली, म्हणूनच पांचशें वर्षांनंतरही ते हात प्रार्थना करतांना दिसतात.

हळदणकर याच निष्ठेचे उपासक होते. शिक्षण पुरें होतांच त्यांनीं १९०८ सालीं मुंबईंत स्वतःची चित्रशाळा काढिली. हळदणकर फाइन आर्ट इन्स्टिट्यूट या नांवानें ती प्रसिद्ध झाली व अनेक विद्यार्थ्यांनीं तेथें कलेचे पाठ घेतले. १९१८ सालीं समानधर्मी चित्रकारांसह आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या स्थापनेंत त्यांनीं पुढाकार घेतला. १८८८ पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतही त्यांचा गौरव झाला. एका मुसलमान यात्रेकरूच्या चित्राबद्दल त्यांस १९२५ सालीं सुवर्णपदक मिळालें. तैलरंग व जलरंग दोन्ही त्यांस वश होते. व्यक्तिचित्रें व निसर्गदृश्यें दोन्ही ते सारख्याच अधिकारानें काढीत. त्यांचे चिरंजीव गजानन हेही पुढें चित्रकार म्हणून नांवारूपास आले. तथापि लोकांच्या मनांत त्यांस जें चिरंतन स्थान मिळालें तें साठी उलटल्यावर काढिलेल्या एका जलरंगचित्रामुळें.

जलरंग हें साधन दिसावयास सोपें, पण वागवावयास अतिशय कठोर आहे. तैलरंगांत चूक झाली तर ती खरडून काढितां येते किंवा वर दुसरा रंग देऊन झांकितां येते. पारदर्शक जलरंगांत तशी सोय नाहीं. तेथें पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. जेथें प्रकाश हवा तेथें कागद मोकळा राखावा लागतो, आणि तो राखण्याचें आरंभींच ठरवावें लागतें. पाण्यांत कालविलेला पातळ रंग एकावर एक असा देत जावयाचा. एक थर ओला असतां दुसरा लागला तर डाग पसरतो, आणि फार थर झाले तर रंग मळतो. हळदणकरांनीं हेंच साधन मुद्दाम निवडिलें. जलरंगांतही एखादें मोठें चित्र निर्दोष तडीस नेतां येतें, हें त्यांस दाखवावयाचें होतें, असें त्यांच्या कन्येनें सांगितलेल्या आठवणींवरून कळतें.

ही कन्याच त्या चित्रांतील स्त्री होय. दिवाळीच्या दिवसांत हातीं दिवा घेतलेल्या मुलीस पाहून चित्रकारास कल्पना सुचली. पुढें ती कन्या तासन्‌तास हातांत दिवा धरून उभी राहिली व वडील रंगवीत राहिले. कोणत्याही स्त्रीनें हें सहज करून पाहावें. दिवा धरलेला हात एका जागीं स्थिर ठेवणें थोड्या वेळानेंच किती जड होतें, तें कळेल. तेव्हां त्या चित्रांत एकाच्या नव्हे, दोघांच्या हातांचे श्रम आहेत. ती कन्या पुढें शंभर वर्षांहून अधिक जगली व २०१८ सालीं निवर्तली. चित्रास ग्लो ऑफ होप असें नांव मिळालें. आशेचा प्रकाश असा त्याचा अर्थ.

आतां या चित्रांतल्या हातांकडे वाचकांनीं आमच्याबरोबर बारकाईनें पाहावें. स्त्रीचा चेहरा शांत आहे. त्यावर आनंद नाहीं, शोकही नाहीं. चित्राच्या नांवांतली आशा चेहऱ्यावर शोधूं गेल्यास ती हातीं लागत नाहीं. ती आहे ज्योतीआडच्या हातांत. दिवा विझूं नये म्हणून तो हात पुढें झाला आहे. तो ज्योतीच्या इतका जवळ आहे कीं ऊब लागावी, पण चटका बसूं नये. बोटें ताठ नाहींत, कारण भीति नाहीं. सैलही नाहींत, कारण काळजी आहे. वाऱ्याचा झोत चित्रांत काढितां येत नाहीं, पण या हाताकडे पाहून वारा असला पाहिजे हें आपण समजतों. अंधार मोठा आहे, वारा येईल, ज्योत लहान आहे, तरी ती राखावयाची आहे. हा सगळा विचार त्या एका तळहातानें सांगितला आहे.

त्या बोटांचा तांबूस रंग हा केवळ सजावटीसाठीं दिलेला नाहीं. मांसांतून प्रकाश आरपार जातांना रक्त हिरवा व निळा प्रकाश शोषून घेतें, आणि तांबडा प्रकाश पलीकडे येतो. रात्रीं विजेरीच्या कांचेवर तळहात ठेवून मुलें जी गंमत पाहतात, तीच ही. बोटांच्या कडा पातळ म्हणून तेथें हा रंग अधिक उजळ, व मध्यें हाडामांसाची जाडी म्हणून तेथें तो गडद. हळदणकरांनीं हें निरखून पाहिलें व जसें दिसलें तसें काढिलें. परिणाम असा झाला कीं, तो हात मातीचा किंवा मेणाचा वाटत नाहीं. त्यांत रक्त वाहतें आहे हें डोळ्यांस दिसतें. दिव्यास आडोसा देणारा स्वतःच उजळतो, असा जो बोध पाहणारास होतो, तो चित्रकारानें वरून चिकटविलेला नसून निसर्गनियमांतूनच निघाला आहे.

हीच गोष्ट तीनशें वर्षांपूर्वीं एका कॅथॉलिक चित्रकारानेंही पाहिली होती. फ्रान्सच्या लोरेन प्रांतांतील जॉर्ज द ला तूर यांनीं सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास संत जोसेफ सुताराचें चित्र काढिलें; तें आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. रात्रीची वेळ, जोसेफ वांकून लांकडास भोंक पाडीत आहे, आणि बाल येशू त्याच्यासाठीं मेणबत्ती धरून बसला आहे. बाळानें एक हात ज्योतीआड धरिला असून त्या कोंवळ्या बोटांतून प्रकाश पलीकडे येतो आहे. बापाचे हात राठ, कामांत गुंतलेले; मुलाचा हात पारदर्शक. दोघांमधला स्नेह मुखांहून हातांत अधिक दिसतो. देश, काळ व धर्म निराळे असतांही दोन चित्रकारांनीं एकाच हातवाऱ्याची निवड करावी, यावरून तो हातवारा मनुष्यमात्राचा आहे हें सिद्ध होतें. आपणही तो जाणतों. पास्काच्या जागरणविधींत देऊळभर अंधार असतां नवीन अग्नीवरून पेटविलेली मेणबत्ती घेऊन आपण उभे राहतों, आणि दारांतून झुळूक आली कीं न सांगतां प्रत्येकाचा दुसरा हात ज्योतीपुढें जातो. त्या वेळीं देवळांत शेंकडों हळदणकरी चित्रें उभीं असतात.

१९५५ सालीं पोप बाराव्या पायस यांनीं मे महिन्याचा पहिला दिवस श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून ठरवून दिला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९५४ सालीं, पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. त्यानंतरच्या दशकांत मोटारींचे व यंत्रांचे कारखाने येत गेले, आणि पुढें चाकणचीं शेतें त्याच वाटेनें गेलीं. या कारखान्यांनीं नाना प्रांतांतून ख्रिस्ती कुटुंबें येथें आणिलीं व त्यांतूनच आपल्यासारखे धर्मग्राम उभे राहिले. येथें हाताचें मोल कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. प्रेसवर काम करणारास ठाऊक आहे कीं, कित्येक यंत्रांत दोन्ही हातांनीं दोन बटनें एकदम दाबल्यावांचून प्रेस खालीं येत नाहीं. हात सांच्याखालीं राहूं नये म्हणून ती योजना असते. फिटर बोटाच्या टोंकानें कड तपासतो व डोळ्यांस न दिसणारी कुसळ त्यास लागते. वेल्डर हातमोजे काढून डबा उघडतो, तेव्हां मनगटावरचे ठिणग्यांचे बारीक डाग दिसतात. अशा हातांचीं चित्रें कोणी काढीत नाहीं, हें खरें. परंतु ज्यानें हळदणकरांचें चित्र लक्षपूर्वक पाहिलें, त्यास या हातांकडे पाहण्याची दृष्टि आल्यावांचून राहणार नाहीं. थकून घरीं आलेल्या पित्याचें मुख कांहीं सांगत नसेल. मुलांनीं त्याच्या हातांकडे पाहावें.

हळदणकरांचें हें चित्र म्हैसूर येथील जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रसंग्रहांत गेलें. तेथें मंद उजेडांत तें पाहिलें असतां दिवा खरोखरच जळत असावा असा भास प्रेक्षकांस होतो, अशी त्याची ख्याति झाली. चित्रकार मात्र प्रसिद्धीच्या मागें लागले नाहींत. ज्यांच्या चित्राच्या असंख्य प्रती निघाल्या, त्यांचें नांव त्या प्रतींवर बहुधा आढळत नाहीं. १९६८ सालीं वयाच्या सहासष्टाव्या नव्हे, तर शहाऐंशीव्या वर्षांत त्यांचें देहावसान झालें. विद्यार्थिदशेपासून मोजल्यास सहा दशकांहून अधिक काळ त्यांच्या हातांत कुंचला होता.

या चरित्रापासून आमच्या तरुण वाचकांनीं काय घ्यावें? आमच्या मतें दोन गोष्टी. पहिली ही कीं, खरें चित्रण हें खऱ्या पाहण्यापासून सुरू होतें. ज्यांस चित्रकलेची आवड असेल त्यांनीं दुसऱ्याच्या चित्रांवरून नक्कल करण्यापेक्षां आपल्याच घरांतले हात काढावे: पीठ मळणाऱ्या आईचे, जपमाळ ओढणाऱ्या आजीचे, बुटाची नाडी बांधूं पाहणाऱ्या धाकट्या भावाचे. आरंभीं बोटें केळ्यांसारखीं येतील. त्यानें खचून जाऊं नये. दुसरी गोष्ट ही कीं, ज्याचें काम आपण उपभोगितों त्याचें नांव जाणून घ्यावें. ज्यांच्या घरीं तें चित्र असेल त्यांनीं त्याच्या मागें स्वच्छ अक्षरांत सावळाराम लक्ष्मण हळदणकर असें लिहून ठेवावें, व मुलांस विचारल्यावर तें सांगावें. एवढ्यानें एका श्रमिकाचें ऋण अंशतः तरी फिटेल.

महोत्सवाच्या या वर्षीं परमेश्वर आपल्या धर्मग्रामांतील सर्व हातांचें रक्षण करो, आणि ज्या ज्या घरीं आशेची ज्योत लहान झाली असेल तेथें तिच्याआड धरावयास कोणाचा तरी हात पुढें करो, हीच आमची प्रार्थना.